रात्री तीनला डोळा उघडला तर

आज हप्त्याचा विषय नाही, बँकेचा फॉर्म नाही. आज बोलायचंय झोपेबद्दल. जी झोप रात्री दोन-तीनला मोडते आणि मग काही केल्या परत येत नाही, तिच्याबद्दल.

हा विषय आम्ही ठरवून काढलेला नाही. बचत गटाच्या दशसूत्रीत आरोग्य आहे, त्यामुळे बैठकीत महिन्याला आरोग्याचं काहीतरी बोलायचं असतं. रक्त कमी असणं झालं, लसीकरण झालं, परसबाग झाली. एका गावात एक मावशी म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण मला एक सांगा. पहिली झोप लागती. मध्यान रातीला डोळा उघडला की उघडलाच. मग कोंबडं आरवंस्तवर नुसती कूस बदलायची. ह्याला काय करायचं?" एवढं बोलल्या आणि बैठकीचा नूरच पालटला. एरवी सह्या झाल्या की पळायची घाई. त्या दिवशी एकजण उठेना. ज्या बाया वर्षभर बैठकीत "हो" आणि "नाही" याच्यापुढे बोलल्या नव्हत्या, त्यासुद्धा बोलल्या. पुढे आम्ही दुसऱ्या गावांतही हा विषय मांडला, तिथेही तेच. म्हणून आज तो रेडिओवर आणलाय. जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना विचारून, वाचून, आणि गटातल्या बायांनी करून बघितल्यावर सांगतोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे निम्म्या जणींचा जीव भांड्यात पडेल. रात्री जाग येणं हा आजार नाही. झोप म्हणजे विहिरीत टाकलेला दगड नव्हे, की एकदा तळाला गेला आणि सकाळपर्यंत तिथेच राहिला. झोप रात्रभर खाली-वर होत असते. साधारण दीड तासाचा एक फेरा, असे रात्रीत चार-पाच फेरे. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत झोप गाढ असते, शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कळत नाही. उत्तररात्री ती पातळ होते, स्वप्नं वाढतात, आणि एक फेरा संपून दुसरा सुरू होताना माणूस जरासं वर येतं. लहान लेकरूही येतं. ते पांघरूण ओढतं, आईला चिकटतं आणि परत जातं, सकाळी त्याला आठवतही नाही. वय वाढलं की गाढ झोप कमी होते आणि असं वर येणं जास्त होतं. त्यामुळे अडीच-तीनला डोळा उघडला यात नवल नाही, आणि "मला काहीतरी झालंय" असं समजायचंही कारण नाही. बघायचं ते इतकंच, की डोळा उघडल्यावर आपण काय करतो.

तर पहिलं म्हणजे आपण घड्याळ बघतो. आता घड्याळ म्हणजे मोबाइल. अडीच वाजले. पाचला उठायचंय. म्हणजे अडीचच तास राहिले. आता झोपलंच पाहिजे. डोळे घट्ट मिटून पडायचं. पंधरा मिनिटांनी परत बघायचं. पावणेतीन. आता सव्वादोनच तास राहिले! हा हिशोब ज्या बाईने केला तिची झोप गेलीच म्हणून समजा. दही लागतं तशीच झोप लागते. विरजण लावलं, भांडं झाकलं, बाजूला ठेवलं, की दही आपोआप लागतं. दर पाच मिनिटांनी बोट घालून "लागलं का, लागलं का" बघितलं, तर लागतं का? म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा: मोबाइल उशाखाली नको, हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. गजर लावलेला असेल तर तो तिथूनही ऐकू येतो. भिंतीवरचं घड्याळ अंथरुणावरून दिसत असेल तर त्याची जागा बदला. किती वाजले ते रात्री कळून आपल्याला करायचंय काय?

आता वेळेचाच विषय निघाला आहे, तर तो नीट बघू. ज्या मावशींनी प्रश्न काढला त्यांना आम्ही विचारलं, झोपता किती वाजता? तर म्हणाल्या, आठ-साडेआठला. जेवण झालं, भांडी झाली, अंधार पडला, करायचं काय, अंग टाकायचं. आणि जाग कधी? तीनला. आता तुम्हीच मोजा. साडेआठ ते तीन, साडेसहा तास झाले. मोठ्या माणसाला साधारण सात तास झोप लागते. मावशींची झोप जवळपास पुरी होऊनच मोडत होती, आणि त्या मात्र पुढचे दोन-अडीच तास अंथरुणात स्वतःला बोल लावत पडून राहत होत्या. शिवाय दुपारी दीड तास डोळा लागायचा तो वेगळाच. अशा बाईला झोपेचा रोग नाही. तिची झोप लवकर सुरू होते म्हणून लवकर संपते. मावशींना आम्ही एवढंच सुचवलं, की साडेनऊ-दहापर्यंत बसा, भजन ऐका, नातवाला गोष्ट सांगा, आणि दुपारी पडायचं तर अर्ध्या तासाच्या वर नको, तेही तीनच्या आत. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. पहिले आठ दिवस त्यांनी आम्हाला बरंच काही ऐकवलं. डुलक्या यायच्या म्हणे, भजनातच मान पडायची. हळूहळू जागेची वेळ तीनवरून साडेचारच्या पुढे गेली. साडेचारला तर त्या तसंही उठतात.

पण याच बैठकीत तिशीतली एक सून कोपऱ्यात बसली होती. ती साडेअकराला अंग टाकते आणि चारला उठते, कारण नळाला पाणी चारला येतं आणि पाऊण तासात जातं. तिला मध्येच जाग आली की आता पाणी येईल या धास्तीने ती परत झोपतच नाही. तिला कसला उपाय सांगायचा? तिला झोप लागत नाही असं नाही, तिला झोप मिळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच टोपलीत टाकतो. दुसरीचं औषध दवाखान्यात नाही, घरात आहे. पाणी भरायला घरातले बाप्ये आळीपाळीने उठले तर नळाला काही राग येत नाही. हे ऐकून बाया हसल्या. आम्ही हसण्यावारी नेलं नाही. दोन घरांत आम्ही सासूबाईंशी बोललो, एका घरात दिरांनी पाणी भरायला सुरुवात केली. दुसऱ्या घरात अजून बोलणं चालू आहे.

आता डोळा उघडला, परत लागत नाही, तर त्या वेळी नेमकं करायचं काय ते सांगतो. थोडा वेळ निवांत पडून राहा. श्वास सावकाश घ्या, आणि घेतला त्याहून सावकाश सोडा. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक अवयव सैल सोडा. नामस्मरणाची सवय असेल तर ते करा. "शंभर वेळा नाव घेतलं की झोप यायलाच पाहिजे" अशी अट मात्र देवाला घालू नका. साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं, घड्याळ न बघता, आणि डोकं जास्तच तल्लख व्हायला लागलं, तर अंथरुणातून उठा. हो, उठा. रोज दोन तास अंथरुणात तळमळत काढले की शरीर शिकतं: अंथरूण म्हणजे तळमळायची जागा. मग पाठ टेकताच ते आपोआप तळमळायला लागतं. दिवसा टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो आणि अंथरुणात गेलं की टक्क उघडतो, असं कितीजणी सांगतात, त्याचं कारण हेच. ही उठायची रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी ती १९७२ मध्ये मांडली, आणि अशा सवयी बदलायच्या उपचारांनाच आज डॉक्टरही झोपेच्या गोळीच्या आधी पहिलं स्थान देतात.

उठून काय करायचं? कंटाळवाणं काम. वाती वळा. शेंगा फोडा. लसूण सोला. दिवा मोठा लावू नका, देवापुढच्या मिणमिणत्या उजेडात होईल एवढंच काम घ्या. भांडी घासायला, कणीक मळायला बसू नका. "नाहीतरी जागीच आहे तर काम उरकून घेते" असं म्हणणाऱ्या बऱ्याच आहेत. एकदा काम उरकायची सवय लागली, की शरीर रोज त्या वेळेला कामाला उठवतं. मोबाइल तर नकोच. उजेड डोळ्यांत जातो ते एक, आणि रात्री तीनला व्हॉट्सॲपवर कुणाचं बारसं, कुणाची कार बघून मन शांत झालंय अशी बाई आम्हाला अजून भेटायची आहे. डोळे जड झाले की परत अंथरुणात. पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठा. दोन-तीन आठवडे लागतात, दोन रात्रींत होत नाही.

इथे एकीने हात वर केला. "ताई, आमचं घर दहा बाय बाराचं. दाराशी सासरा झोपतो, चुलीपाशी सासू. उठून जायचं कुठं?" बरोबर आहे. पुस्तकात "दुसऱ्या खोलीत जा" असं लिहिलेलं असतं, पुस्तक लिहिणाऱ्याला दुसरी खोली असते. मग अंथरूण बाजूला सारा, भिंतीला टेकून उठून बसा, मांडीवर कापूस घ्या. जागा तीच राहिली तरी चालेल, पण पडून तळमळायचं नाही.

उठल्यावर चहा नको हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहाचा निम्म्याच्या आसपास अंमल रात्री दहाला अंगात असतो. आणि मशेरी. हे बोलायला अवघड, कारण बैठकीतल्या निम्म्या जणी तोंडाला पदर लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तंबाखू तरतरी आणतो. झोपायच्या आधी मशेरी लावली की झोप लांबते, आणि रात्रीच्या रात्री अंगाला तिची तलफ लागली की ती झोपेतून उठवते. मग बाई उठते, परत मशेरी लावते, आणि म्हणते मला झोप का नाही. एकदम सुटत नसेल तर निदान रात्रीची आणि मध्यरात्रीची आधी सोडा. कॅन्सरचं कारण आहेच, ते आशाताई सांगतात. आम्ही आज फक्त झोपेपुरतं बोलतोय.

आता मनातल्या गोष्टीकडे येऊ. आपल्या आज्या-पणज्या पहाटेच्या अंधारात उठायच्या ते दळायला. जात्यावर बसून त्या गात होत्या: भावाबद्दल, माहेराबद्दल, सासुरवासाबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं सगळं बायांच्या मनात होतं आणि ते रोज पहाटे बाहेर पडत होतं. जातं परत आणा असं आम्ही अजिबात म्हणत नाही. ज्यांनी ओढलंय त्यांचे खांदे विचारा. गिरणी आली ते फार चांगलं झालं. पण दळणाबरोबर बोलायची ती वेळही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कुठली वेळ आपण ठरवली नाही. मग मनातलं येतं रात्री तीनला. दिवसभर त्याला कोणी विचारत नाही, रात्री घर शांत झालं की ते एकटं आपल्याला गाठतं. आणि रात्री कुठलीही गोष्ट आहे त्याहून मोठी दिसते. दिवसा जे दोन हजारांचं देणं असतं ते रात्री घर गिळायला उठतं.

यावर आम्ही गटाच्या कामातूनच एक रीत घेतली. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत विषय लिहिला, ठराव लिहिला, की तो विषय पुढच्या सभेपर्यंत बंद. दर पाच मिनिटांनी कोणी तो परत काढत नाही. तसंच करायचं. संध्याकाळी, जेवणाच्या आधी, दहा मिनिटं. एक साधी वही. डोक्यात जे घोळतंय ते एकाखाली एक लिहायचं. प्रत्येकापुढे दोनातलं एक: उद्या याचं मी काय करणार, किंवा हे माझ्या हातात नाही. "पोरीच्या कॉलेजची फी, शनिवारी भावाला विचारायचं." "पाऊस, हातात नाही." वही मिटायची, फडताळात ठेवायची. रात्री तीच गोष्ट डोक्यात आली की म्हणायचं, तुझा ठराव झालाय, आता पुढच्या सभेला. लिहिता येत नाही त्यांनी नातीकडून लिहून घ्या. एका आज्जींनी नातीला रोज सांगायला सुरुवात केली, आणि त्या नातीला पहिल्यांदा कळलं की आज्जीला कशाकशाची काळजी असते. आज्जी म्हणाल्या, "निम्मं तर सांगितल्यावरच गेलं."

पण काही देणी वहीत लिहून जात नाहीत. वसुलीच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या बाया आमच्या प्रत्येक गावात आहेत. गटाचं कर्ज वेगळं, आणि त्यावर दोन-तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांचं वेगळं. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. एका बाईला तर मोटारसायकलचा आवाज आला की दिवसाही छातीत धडधडायचं. अशा बाईला नुसते श्वास मोजायला सांगणं बरं नाही. तिला माहिती हवी. तेव्हा नीट ऐका. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्सचे नियम केले, ते बँकांना आणि अशा सगळ्या कंपन्यांना लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील इतकं कर्ज त्यांनी द्यायचं नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. तिथे कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी किंवा कामावर येता येतं. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, त्याची पोच ठेवायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा फोन आहे १४४४८.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. घेतलंय ते फेडायचं. पण ते रात्री एकटीने फेडायचं नसतं, दिवसा चौघीत बसून फेडायचं असतं. एका गटात आम्ही तिघींची सगळी कर्जं एका कागदावर मांडली: कुणाचं, किती राहिलं, व्याज किती, हप्ता कधी. एकीने तोपर्यंत एकूण आकडा कधी केलाच नव्हता, भीती वाटायची म्हणे. आकडा तिने मनात धरला होता त्याहून कमी निघाला. दुसरीचा जास्त निघाला, तेही खरं. तिच्यासाठी गटाने ग्रामसंघाकडून कमी व्याजाचं कर्ज बघितलं आणि सगळ्यात महागडं कर्ज आधी बंद केलं. नवीन कर्ज घ्यायचं तर गटाला सांगून, हे त्यांनी इतिवृत्तात लिहून ठेवलंय. तिची झोप पूर्ण आलीय असं नाही. मात्र पूर्वी आठवड्यात चार रात्री जायच्या, आता वसुलीच्या आदली तेवढी जाते.

शरीराची कारणं भराभर सांगतो, पण ती कमी महत्त्वाची आहेत म्हणून नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतंय, तहान फार लागते, तर साखर तपासा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशी गोळी तुम्ही रात्री घेत असाल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने वेळ बदलू नका. पडलं की पाय ओढल्यासारखे होतात, मुंग्या येतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं, असं असेल तर त्यामागे लोह कमी असणं हे एक कारण असतं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा हे दुर्मीळ नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, त्या चहाबरोबर घेऊ नका. घोरणं फार आहे, घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येते, दिवसभर पेंग येते, तर तेही डॉक्टरांना सांगा, घोरणं म्हणजे गाढ झोप असं नसतं.

आणि पंचेचाळिशीच्या आसपास पाळी जायच्या दिवसांत मध्यरात्री एकदम अंगातून वाफा निघतात, घामाने उशी ओली होते, मग थंडी वाजते. नवऱ्याला वाटतं हिचं काहीतरी नवीनच. हे वय आहे, वेड नाही. सुती पातळ कपडा, हवेशीर जागा, उशाशी ओलं फडकं, रात्रीचं जेवण कमी तिखट. फार त्रास असेल तर त्यावर औषध आहे, सहन करत बसू नका. पाळी वर्षभर बंद होऊन परत रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही न थांबता दवाखाना गाठा. गर्भपिशवी काढलेल्या बायांनी हे जास्त लक्ष देऊन ऐका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील, तर तिशीतल्या बाईला पन्नाशीतला त्रास एका आठवड्यात सुरू होतो. तिची झोप का गेली हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा, आणि त्यात काय काढलंय ते डॉक्टरांकडून वाचून घ्या.

गोळ्यांबद्दल. शेजारणीने दिली, दीर मेडिकलमधून घेऊन आला, "अर्धी घे, काही होत नाही." झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, आणि ती उगीच नाही. थोड्याच दिवसांत अंगाला त्यांची सवय लागते, मग अर्धीने भागत नाही. म्हाताऱ्या माणसाचा रात्री उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. दारूबरोबर तर जीवच धोक्यात. पण ज्या बाया महिनोन्‌महिने घेतायत त्यांनी हे ऐकून आज रात्री एकदम बंद करू नका. एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना खरं सांगा, ते हळूहळू कमी करून देतात.

काही जणींची झोप पाळतीवर असते. नवरा रात्री लाइटच्या पाळीला पाणी धरायला गेलाय, उसात बिबट्या दिसलाय, तो परत येईपर्यंत बाई जागी. ते जागं राहणं आम्ही चूक म्हणणार नाही. आणि जिचा नवरा पिऊन येतो, जी पोरांना भिंतीकडे झोपवून स्वतः दाराकडे झोपते, तिचा एक कान उघडा असतो तो तिला वाचवायला. तिला शांत झोपायला शिकवणं म्हणजे तिची थट्टा. तिच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा फोन आहे, चोवीस तास. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आणि गटातल्या ज्या दोन घरांत ती रात्री कधीही जाऊ शकते, ती दोन घरं आधीच ठरवून ठेवा. हे आम्ही काही गटांत ठरवलंय. कुठली घरं ते इथे बोलणार नाही.

शेवटची गोष्ट अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. रोज पहाटे तीन-चारला जाग येते, उजाडूच नये असं वाटतं, भूक गेलीय, रडू येतं किंवा रडूही येत नाही, कशातच रस नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर हा मनाचा आजार असू शकतो, आणि तो औषधाने, बोलण्याने बरा होतो. त्या वेळेला "मी नसले तर बरं होईल" असा विचार येत असेल, तर बाई, सकाळची वाट बघू नको. शेजारी झोपलेल्याला हलवून उठव. सरकारचा टेलिमानस नावाचा फोन आहे, रात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं: १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. आमच्या एका गटातल्या बाईने पहाटे तो लावला होता. काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. आता ती बैठकीला येते, आणि तिने हा नंबर आपल्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. तुम्हीही लिहा. आणि गटातली कुणी दोन बैठका आली नाही, आली तरी बोलली नाही, तर दंडाची पावती फाडायच्या आधी तिच्या घरी जाऊन या.

आता कामाचं. आपल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तिथे फुकट तपासतात. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांना बोलावतोय. येताना घरात ज्या ज्या गोळ्या तुम्ही घेता त्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी चालतील. आणि सात रात्रींची नोंद आणा: कधी झोपलात, साधारण कधी जाग आली, दुपारी किती झोपलात, चहा किती, मशेरी किती. अंदाजाने लिहा, रात्री उठून घड्याळ बघत बसू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बैठकीला अर्धा तास आधी या, आम्ही लिहून घेऊ.